फेस मारणारे तेल, फेस धरणारे तेल

साधे सिलिकोन तेल म्हणजे फेसाचे वैरी. फसफसणाऱ्या टाकीत त्याचे चार थेंब टाकले की फेस बसतो, आणि कारखान्यांत ते यासाठीच मुद्दाम वापरतात. गंमत म्हणजे गादीतला पॉलियुरेथेन फोम उभा राहतो तोही सिलिकोनच्याच जिवावर. फक्त त्याला आधी जरा सुधारून घ्यावे लागते.

पॉलिओल आणि आयसोसायनेट ही दोन रसायने एकत्र आली की पॉलियुरेथेन तयार होते. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी ही वाट शोधली. मिश्रणात थोडे पाणी असले, तर आयसोसायनेटशी गाठ पडून कार्बन डायऑक्साइड सुटतो. ढवळताना अडकलेल्या हवेच्या बारीक बुडबुड्यांत हा वायू शिरतो, द्रव दुधाळ होतो आणि भराभर वर चढू लागतो. दोनेक मिनिटांत खेळ आटोपतो. पण तेवढ्या वेळात बुडबुड्यांच्या भिंती पातळ होत जातात, द्रव खाली निथळतो, लहान बुडबुडे मोठ्यांत विलीन होतात. पॉलियुरेथेनच्या रेणूंच्या साखळ्या घट्ट होण्याआधीच भिंती फुटल्या, तर सगळा डोलारा खाली बसतो.

म्हणून सिलिकोन रेणूच्या कण्याला पॉलिइथर या दुसऱ्या रसायनाच्या शेपट्या जोडतात. कण्याचे पॉलिओलशी जमत नाही, तो पृष्ठभागाकडे पळतो. शेपट्यांना मात्र पॉलिओलच आवडते. या ओढाताणीत रेणू बुडबुड्याच्या भिंतीवरच ठाण मांडतो आणि पृष्ठताण उतरवतो. भिंत कुठे पातळ झाली की तिथे हे रेणू विरळ होतात, पृष्ठताण वाढतो आणि आजूबाजूचा द्रव आपोआप तिकडे ओढला जातो. म्हणजे भोक पडण्याआधीच ठिगळ! हे सारे साधते शंभर भाग पॉलिओलमागे साधारण एक भाग सिलिकोनमध्ये. १९५०च्या दशकाअखेर ही सिलिकोन आली आणि तोवर दोन टप्प्यांत करावा लागणारा लवचीक फोम एकाच दमात होऊ लागला.

मात्र धरून ठेवणेही बेतानेच हवे. गादीच्या फोममध्ये उभारी पूर्ण होताच भिंती फुटून कप्पे एकमेकांत उघडावे लागतात, नाहीतर आतला वायू थंड होताना सगळा ठोकळा आक्रसतो. फ्रिजच्या भिंतीतल्या कडक फोमला मात्र बंद कप्पेच हवेत, तेव्हाच उष्णता अडते. म्हणून शेपट्यांची लांबी आणि संख्या कामागणिक बदलतात. फरक पाहायचा असेल तर गादीच्या फोमचा तुकडा ओठांशी धरून फुंकर मारा. ती आरपार जाते. कडक फोममधून जात नाही.