ठिपक्यांच्या रांगोळीतलं विश्व

आपलं जग म्हणजे कुणाच्या तरी संगणकावर चाललेलं सिम्युलेशन आहे का, हा विषय निघाला की नाव येतं ते तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांचं. त्यांचा निबंध २००३चा, ते ऑक्सफर्डमध्ये असतानाचा. ‘आपण सिम्युलेशनमध्येच आहोत’ असं त्यात ठामपणे म्हटलेलंच नाही. तीनपैकी एक गोष्ट खरी असणार, एवढाच त्यांचा दावा: अशी सिम्युलेशन चालवण्याइतकी प्रगती होण्याआधीच माणसासारख्या जाती संपतात, किंवा प्रगती होऊनही पूर्वजांची सिम्युलेशन चालवण्याच्या फंदात सहसा कुणी पडत नाही, नाहीतर आपण बहुधा त्यातलेच. मराठी वाचकाला इथे मायावाद आठवणारच. पण शंकराचार्यांची माया कुणी यंत्रावर चालवत नाही.

तपासण्याजोगं काही हाती लागलं ते दुसऱ्याच वाटेनं. १९४१ साली बर्लिनमध्ये झेड-३ हा संगणक उभा करणारे अभियंता कोनराड त्सूझ यांनी १९६०च्या दशकात मांडलं, की विश्वच मुळात एखाद्या गणनयंत्रासारखं टप्प्याटप्प्यानं हिशेब करत पुढे सरकत असेल. त्याच्याशी संबंध नसताना १९७४ साली भौतिकशास्त्रज्ञ केनेथ विल्सन यांनी क्वार्कांचं, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांचं, गणित सोडवायला अवकाश आणि काळ जाळीत बसवले. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा: ठिपक्यांवर क्वार्क, ठिपके जोडणाऱ्या रेघांवर त्यांना बांधून ठेवणारं बल. महासंगणकांवर आजही हे गणित असंच चालतं, पण अणुकेंद्रकाएवढ्या इवल्याशा पेटीपुरतंच.

हेच काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ सायलस बीन, झोहरे दावूदी आणि मार्टिन सॅव्हेज यांनी २०१२मध्ये विचारलं: विश्वही कुणी असंच जाळीवर चालवत असेल, तर ते कळणार कसं? यातली गंमत मला अशी वाटते, की जाळीमुळे आपल्या गणितात कुठे खोट येते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तीच खोट त्यांनी आकाशात शोधायला सांगितली. जाळीवर सरळ जाणं आणि तिरकं जाणं सारखं नसतं. कणाची ऊर्जा अफाट असेल तर हा फरक उघडा पडावा, आणि सर्वांत ऊर्जावान कण येतात वैश्विक किरणांतून, म्हणजे अंतराळातून पृथ्वीवर आदळणाऱ्या कणांच्या माऱ्यातून. सुमारे ५ कोटी टेराइलेक्ट्रॉन व्होल्टच्या (हे कणांच्या ऊर्जेचं एकक) पुढचे प्रोटॉन दुरून येताना विश्वभर पसरलेल्या, महास्फोटातून उरलेल्या पार्श्वप्रारणाला धडकून ऊर्जा गमावतात, असं भाकीत १९६६मध्येच झालं होतं. त्या मर्यादेवरून तिघांनी हिशेब मांडला: जाळी असलीच, तर तिच्या ठिपक्यांतलं अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण एक लाख कोटीव्या भागाहून कमी हवं.

अर्जेंटिनातली पिएर ओझे वेधशाळा ३,००० चौरस किलोमीटरवर पसरून असेच किरण टिपते. ते एका बाजूनं किंचित जास्त येतात, हे तिनं २०१७ साली दाखवलं. पण तो कल आकाशगंगेबाहेरच्या स्रोतांकडे बोट दाखवतो. चौकोनी जाळीचा ठसा वेगळा दिसला असता.

त्याच वर्षी झोहार रिंगेल आणि दिमित्री कोव्हरिझिन यांचा शोधनिबंध आला आणि ‘सिम्युलेशनची कल्पना मोडीत’ असे मथळे झळकले. निबंधात होतं एवढंच, की एका विशिष्ट क्वांटम (अणूंच्या पातळीवरच्या) परिणामापुढे साध्या संगणकावरची एक गणनपद्धत हात टेकते. क्वांटम निसर्गाची नक्कल करायला यंत्रही क्वांटमच हवं, हे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९८१मध्येच सांगून ठेवलं होतं.