डोळा पुढे, आवाज मागे

'मराठीत काय अवघड? जसं लिहिलंय तसंच वाचायचं. बाराखडी आली की वाचन आलं!' पार्ल्यापासून परळपर्यंत अनेक पालकांच्या तोंडी हे वाक्य असतं. मग दुसरीतलं मूल 'ब... द... का... ने' असं एकेक अक्षर लावत बसलं की घरात चिडचिड सुरू होते. अक्षरं येतात, मग आरोह-अवरोहासह का वाचत नाहीस?

कारण आरोह-अवरोह ही वाचून झाल्यावर चढवायची सजावट नव्हेच. नजर किती पुढे पोचली आहे, यावर ते अवलंबून असतात.

वाचताना आपली नजर ओळीवरून सलग सरकत नाही, ती उड्या मारते. एकेका मुक्कामावर साधारण पाव सेकंद थांबते आणि पुढची उडी घेते. सराईत माणूस मोठ्याने वाचतो तेव्हा त्याचा डोळा आवाजाच्या साधारण दोन शब्द पुढे असतो. अमेरिकेत शिक्षण-संशोधक गाय बझवेल यांनी 1920 मध्ये हे अंतर मोजलं, तेव्हा चांगल्या वाचकांत ते जास्त आढळलं. घरीही करून पाहा. तुम्ही मोठ्याने वाचत असताना कुणाला तरी मजकुरावर अचानक वही ठेवायला सांगा. पान झाकलं तरी तोंडातून आणखी एखाद-दोन शब्द बाहेर पडतात. अक्षर लावत वाचणारं मूल मात्र जागीच थांबतं.

हे अंतर मराठीला फारच लागतं. 'बदक' म्हणताना 'द' पूर्ण उच्चारला जातो. 'बदकाने' म्हणताना त्याच 'द'मधला अ गळतो आणि आपण 'बद्काने' म्हणतो. कागदावरचा 'द' दोन्हीकडे अगदी सारखा. म्हणजे 'द' कसा म्हणायचा हे पुढच्या 'का'वर ठरतं, आणि तोंड 'द'पाशी पोचण्याआधी डोळ्याने तो 'का' पाहिलेला असावा लागतो. 'या जगात नीट जगायचं' यातले दोन 'ज' तर अक्षरावरून वेगळे ओळखताच येत नाहीत, आधी शब्द ओळखावा लागतो. वाक्याचंही तसंच. '"थांब!" आई कुजबुजली.' यातला 'थांब' हळू म्हणायचा, हे 'कुजबुजली' दिसल्याशिवाय कळणार कसं?

पुढे पाहिलेले शब्द तोंडात येईपर्यंत मनात धरून ठेवावे लागतात आणि ही जागा तोकडी असते. एकेक अक्षर ओळखण्यातच सगळं लक्ष खर्च झालं, तर अर्थाला आणि आवाजाला काही उरत नाही. लाबर्ज आणि सॅम्युएल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये ही मांडणी केली. पुढे 1979 मध्ये सॅम्युएल्स यांनी उपायही सांगितला: तोच छोटा उतारा पुन:पुन्हा वाचायचा.

डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला शिकवतो, असं सांगणारे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग मुलांच्या याच अडचणीवर पोसले जातात. नजरेच्या उड्यांमध्ये मध्यमेंदूचा वाटा खरोखर असतो, पण कापडाआडचं त्याला दिसत नाही. पट्टीच्या फटीतून दिसतं. मुलाला फटीतून पाहून खोटं बोलायला शिकवणाऱ्यांना पैसे देऊ नका.

त्याऐवजी पन्नास-साठ शब्दांचा उतारा घ्या. आधी तुम्ही भावासह वाचा, मग दोघं मिळून, मग मूल एकटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. 'अरे, हा तर पाठ झाला' म्हणून तो सोडून देऊ नका. ओळखीच्या मजकुरातच नजरेला पुढे धावायची सवय लागते. अडखळलं तर शब्दाच्या मध्येच टोकू नका, वाक्य संपू द्या.

आणि घड्याळ लावून बसू नका. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या पायाभूत साक्षरता अभियानात दुसरीसाठी मिनिटाला 45 ते 60 शब्दांचं लक्ष्य आहे, पण ते समजून वाचण्याचं. शिवाय आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'शाळेतल्यांनासुद्धा' हा मोजताना एकच शब्द धरला जातो, आणि तो वाचायला मुलाला तीन शब्दांइतका वेळ लागला तर ते मूल मागे नाही.