नेत्रगतीच्या अभ्यासासाठी मेंदूचे उद्दीपन

मेंदूच्या ठरावीक भागाला सौम्य वीजप्रवाह किंवा चुंबकीय स्पंद देऊन डोळ्यांच्या हालचालीत काय फरक पडतो, हे पाहण्याची संशोधनपद्धती. डोळे फिरवण्याचा हुकूम मेंदूत कुठे तयार होतो आणि स्नायूंपर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे रूप कसे बदलते, हे शोधण्यासाठी ती सुमारे दीडशे वर्षे वापरात आहे.

प्रत्येक डोळा सहा स्नायूंनी फिरतो. या स्नायूंना मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या तीन जोड्या (तिसरी, चौथी आणि सहावी) चालवतात. कोकण रेल्वेत खिडकीशी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे निरखून पाहिले, तर हालचालींचे दोन प्रकार एकदम दिसतात. नजर मागे पळणाऱ्या माडाबरोबर सावकाश सरकते आणि मग एका झटक्यात पुढच्या माडावर येते. रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात गाडी शिरली की हा खेळ जवळजवळ थांबतो. हर्णै बंदरातून सुटलेली होडी लाटांवर डोलू लागली की तिसरा प्रकार कामाला येतो. डोके जिकडे कलते त्याच्या उलट डोळे वळतात, म्हणून सुवर्णदुर्गाचा तट हलताना दिसत नाही. यांपैकी झटक्याच्या हालचालीला सॅकेड म्हणतात. जागेपणी आपण सेकंदाला तीन-चार सॅकेड करतो आणि मोठ्या सॅकेडचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्याही वर जातो. उद्दीपनाचे बहुतेक प्रयोग सॅकेडवरच झाले आहेत, कारण तिची सुरुवात आणि शेवट स्वच्छ दिसतात.

चेतापेशींच्या स्पंदांची नुसती नोंद घेतली तर अमुक पेशी आणि अमुक हालचाल एकाच वेळी घडतात एवढेच कळते. त्या पेशींमुळेच डोळा हलला का, हे कळत नाही. तिथे वीज देऊन डोळा हलला तर कार्यकारणाचा दावा करायला आधार मिळतो. १८७० मध्ये फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला वीज देऊन अवयव हलवून दाखवले. त्याच वर्षी आदाम्यूक यांनी मध्यमेंदूच्या छतावरच्या उंचवट्याला, म्हणजे सुपीरियर कॉलिक्युलसला, उद्दीपन देऊन डोळे फिरवले. पाठोपाठ डेव्हिड फेरिअर यांना माकडांत मेंदूच्या पुढच्या खंडातला एक भाग सापडला. तिथे वीज दिली की डोळे मोठे उघडत, बाहुल्या विस्फारत आणि डोळ्यांसह मान विरुद्ध बाजूला वळे. हाच भाग आज फ्रंटल आय फील्ड म्हणून ओळखला जातो.

यानंतर बराच काळ गाडे फारसे पुढे सरकले नाही. डोळा नेमका किती अंश वळला हे मोजायची सोय नव्हती आणि प्राणी बहुतेक वेळा गुंगीत असत. ही अडचण विद्युत अभियांत्रिकी शिकून शरीरक्रियाशास्त्राकडे वळलेल्या डेव्हिड रॉबिन्सन यांनी सोडवली. १९६३ मध्ये त्यांनी डोळ्यावर तारेचे बारीक वेटोळे बसवून चुंबकीय क्षेत्रात त्याची दिशा अचूक मोजण्याची युक्ती मांडली. १९६९ मध्ये फुक्स यांच्याबरोबर फ्रंटल आय फील्डचा आणि १९७२ मध्ये सुपीरियर कॉलिक्युलसचा, असे जाग्या माकडांवरचे त्यांचे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. या विषयाचा खरा पाया हे दोन अभ्यास आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

कॉलिक्युलसमध्ये सुई टोचून क्षणभर वीज दिली की साधारण २० ते ३० मिलिसेकंदांत डोळा झेप घेतो. एरवी दिसलेल्या वस्तूकडे नजर वळायला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. झेपेचा आकार आणि दिशा मुख्यतः सुईच्या जागेवर ठरते. पुढच्या टोकाला उद्दीपन दिले तर लहान झेप, मागे सरकत गेले तर मोठी. आतल्या कडेला वरची दिशा, बाहेरच्या कडेला खालची. उजव्या कॉलिक्युलसमुळे डोळे डावीकडे जातात. एकदा किमान मर्यादा ओलांडली की प्रवाह वाढवून झेप फारशी वाढत नाही. उद्दीपन लांबवले तर डोळा थांबून पुन्हा तेवढ्याच मापाची झेप घेतो, आणि पुन्हा घेतो. दोन जागी एकदम वीज दिली तर डोळा दोन्हींच्या मधल्या दिशेला जातो. म्हणजे इथे स्नायू किती ओढायचा याचा हिशेब नसून कुठे पाहायचे याचा नकाशा आहे. तांडेल नुसती दिशा दाखवतो आणि वल्ही किती मारायची ते वल्हवणारे बघतात, तशी ही वाटणी आहे. इथले वल्हवणारे मेंदूच्या दांड्यात, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात, असतात. आडव्या हालचालीचा हिशेब तिथल्या पॉन्स नावाच्या भागात होतो, उभ्या हालचालीचा मध्यमेंदूत.

पॉन्समध्येच काही पेशी नजर स्थिर असताना अखंड स्पंदत राहतात आणि प्रत्येक सॅकेडच्या वेळी गप्प होतात. या पेशी सॅकेडला लगाम घालून असतात. डोळा झेपेत असताना त्यांना उद्दीपन दिले तर झेप अर्ध्यातच थांबते. उद्दीपन संपले की डोळा थांबल्या जागेवरून निघून बहुधा मूळ लक्ष्यच गाठतो, म्हणजे किती अंतर उरले आहे ते मेंदूला ठाऊक असते. या क्षेत्रातला सर्वांत देखणा प्रयोग कोणता, असे विचारले तर प्रस्तुत लेखक याच प्रयोगाचे नाव घेईल.

कॉलिक्युलसमधला नकाशा केवळ माकडापुरता नाही. जुन्या कौलारू घरांच्या माळ्यांवर आढळणारे गव्हाणी घुबड आपले डोळे जवळजवळ फिरवूच शकत नाही, मान वळवते. त्याच्या मेंदूतल्या याच भागाला वीज दिली तर डोके नेमक्या मापाने वळते.

फ्रंटल आय फील्डमध्ये ५० मायक्रोअँपिअरपेक्षा कमी प्रवाहानेही सॅकेड घडते. मात्र शस्त्रक्रियेने एकटे ते क्षेत्र किंवा एकटा कॉलिक्युलस काढला तरी माकड नजर फिरवत राहते; दोन्ही काढले तर सॅकेड जवळपास नाहीशा होतात. २००३ मध्ये मूर आणि आर्मस्ट्राँग यांनी या क्षेत्राला डोळा हलणार नाही इतकाच क्षीण प्रवाह दिला. तेव्हा दृष्टीच्या व्ही-४ या भागातल्या, नकाशावर त्याच जागेशी जुळणाऱ्या पेशींचा प्रतिसाद वाढला. नजर न वळवता कोपऱ्यातून एखाद्या गोष्टीवर लक्ष ठेवणे आणि नजर वळवणे यांची यंत्रणा बरीचशी सामायिक आहे, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

माणसांतली माहिती आधी शस्त्रक्रियेच्या टेबलावरून आली. माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड अपस्माराच्या जाग्या रुग्णांच्या मेंदूला वीज देऊन पाहत. मेंदूला स्वतःला वेदना होत नसल्याने हे शक्य होते. १९८५ मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी कवटी न उघडता चुंबकीय स्पंदाने मेंदू उद्दीपित करण्याचे तंत्र (टीएमएस) दाखवले. हातासाठीच्या भागावर स्पंद दिला की अंगठा उडतो. त्यामुळे फ्रंटल आय फील्डवर दिला की डोळा उडेल, अशी अपेक्षा साहजिकच असते, पण तसे होत नाही. ठरवलेली सॅकेड थोडी उशिरा निघते, एवढेच. स्पंद अगदी क्षणिक असतो आणि तो नकाशाच्या मोठ्या भागावर एकदम पसरतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. शिवाय यंत्राच्या टकटकीने आणि पापणी मिटण्यानेही नजरेत फरक पडतो, म्हणून डोक्यावर दुसऱ्या जागी स्पंद देऊन तुलना करावीच लागते. ती न करता काढलेल्या निष्कर्षांवर फार विसंबू नये.

सुईतून दिलेल्या विजेचीही मर्यादा आहे. ती जवळच्या पेशींबरोबर तिथून नुसत्या जाणाऱ्या तंतूंनाही जागे करते, त्यामुळे परिणाम नक्की कुणाचा हे सांगणे अवघड होते. प्रकाशाने निवडक पेशी चेतवण्याचे ऑप्टोजेनेटिक्स तंत्र त्यासाठीच वापरात आले.

हे ज्ञान दवाखान्यात रोज उपयोगी पडते. आकडी हे मेंदूतले आपोआप होणारे उद्दीपनच असते. उजव्या फ्रंटल आय फील्डमध्ये ती सुरू झाली तर डोळे आणि मान बहुधा डावीकडे ओढली जाते. अंगावरून वारे गेलेल्या रुग्णात उलटे होते. उजवा भाग बंद पडल्याने डावी बाजू लुळी पडते आणि डोळे उजवीकडे, म्हणजे इजा झालेल्या बाजूला, वळून राहतात. इजा पॉन्समध्ये असेल तर डोळे लुळ्या बाजूकडे वळतात. आकडी आलेला रुग्ण सिंधुदुर्गातून अनेकदा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावा लागतो. आकडी तोपर्यंत थांबलेली असते. अशा वेळी घरच्यांनी मोबाइलवर घेतलेले काही सेकंदांचे चित्रण, किंवा डोळे कोणत्या बाजूला फिरले होते एवढे सांगणेसुद्धा, डॉक्टरांना मेंदूची बाजू ओळखायला मदत करते.