नायट्रेट : खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीतील

समुद्री माशांसाठी नव्याने मांडलेल्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत साचणारे नायट्रेट, त्याचे मोजमाप व नियंत्रण. विष्ठा व उरलेल्या खाद्यातून अमोनिया, अमोनियापासून नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट, हा क्रम (नत्रीभवन) सुरळीत व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. हौशी लोक त्याला टाकी ‘सायकल होणे’ म्हणतात.

नत्रीभवन सजीवांकडून होते हे श्लेझिंग व म्यूंट्झ यांनी १८७७ मध्ये दाखवले, संबंधित जिवाणू वेगळे करण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे सर्गेई विनोग्राड्स्की यांना (सु. १८९०) दिले जाते. तेव्हापासून अमोनियासाठी नायट्रोसोमोनास आणि नायट्राइटसाठी नायट्रोबॅक्टर ही जिवाणूंची जोडी हौशी पुस्तकांत शतकभर टिकली. १९९८ मध्ये होव्हानेक व सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांत दुसरे काम (नायट्राइटचे नायट्रेट) मुख्यतः नायट्रोस्पिरा हा जिवाणू करतो असे दाखवले. २००५ मध्ये सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातील सागरी टाकीतून नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा अमोनियावर जगणारा आर्किया (जिवाणूंहून वेगळ्या गटातला सूक्ष्मजीव) मिळाला, म्हणजे पहिले कामही केवळ जिवाणूंचे उरले नाही. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकहाती पार पाडणारे नायट्रोस्पिरा सापडले. जुन्या जोडीपेक्षा हे नवे चित्र अधिक विश्वासार्ह वाटते. जिवाणूंच्या बाटलीवर फक्त नायट्रोबॅक्टर छापलेले असेल, तर सावध राहावे. मात्र यांपैकी कोणीही नायट्रेट पाण्यातून काढत नाही. ते काम (विनत्रीभवन) खडकाच्या किंवा वाळूच्या ऑक्सिजनविरहित आतल्या भागात वेगळे जिवाणू करतात, आणि नव्या टाकीत त्यांची वस्ती अजून बसलेली नसते.

नव्या टाकीत दिसणारा नायट्रेटचा मोठा आकडा दर वेळी खरा असतोच असे नाही. बहुतेक चाचणीसंचांत नायट्रेटचे आधी नायट्राइट करून मग रंग आणतात. पाण्यात नायट्राइट आधीच असेल तर तेही रंग देते आणि आकडा अनेक पट फुगतो. म्हणून नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नायट्रेटची नोंद कच्ची समजावी. उलट, ज्या संचात अभिकारकाची भुकटी बाटलीच्या तळाशी बसते तिथे बाटली अर्धा मिनिट जोरात हलवली नाही, तर लालभडक यायला हवी ती नळी फिकट नारिंगी राहते. काही संच नायट्रेट-नायट्रोजन दाखवतात. त्या आकड्याला ४.४३ ने गुणल्यावर नायट्रेट मिळते.

कोल्हापुरात समुद्र हाताशी नाही. रत्नागिरी सुमारे १३० किमी.; आंबा घाटातून कॅन भरून आणणे शक्य असले, तरी पावसाळ्यात खाडीजवळचे पाणी कमी खारट व गढूळ असते. त्यामुळे समुद्री मीठ घरीच गोड्या पाण्यात कालवतात आणि प्रश्न येतो तो गोड्या पाण्याचा. ऊसपट्ट्यात नत्रखतांचा अंश भूजलात झिरपतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिग्रॅ. आहे, तर प्रवाळभित्तीवरच्या पाण्यात ते बहुधा ०.२ मिग्रॅ.हूनही कमी, म्हणजे माणसाला चालणारे बोअरचे पाणी टाकीला चालेलच असे नाही. ८० मिग्रॅ. असलेल्या टाकीतले निम्मे पाणी बदलले तर शुद्ध पाण्याने ४० उरते, पण नव्या पाण्यातच २० असेल तर ५०. उन्हाळ्यात उडून गेलेल्या पाण्याची भर त्याच पाण्याने घातली, तर पाणी उडते, नायट्रेट मागे राहते. आरओचे, शक्यतो डीआय (उरलेले क्षार काढणाऱ्या) काडतुसातून गाळलेले पाणी वापरणे हाच खरा उपाय. नत्र-स्फुरद वाढले की काय होते ते रंकाळा तलावातल्या केंदाळाने कोल्हापूरकरांना दाखवलेलेच आहे.

मासे नायट्रेट बरेच सोसतात. २००५ च्या एका आढाव्यात सागरी प्राण्यांसाठी २० मिग्रॅ. नायट्रेट-नायट्रोजन (सुमारे ८९ मिग्रॅ. नायट्रेट) ही कमाल पातळी सुचवली आहे. प्रवाळांसाठी ती फारच सैल वाटते. सायकल संपताच मोठा पाणीबदल, मग एकदोनच मासे आणि मोजके खाद्य, एवढ्यावर बहुतेक वेळा भागते. प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर सेंद्रिय घाण बाहेर काढणारे उपकरण) व नायट्रेट शोषणारे कीटोमॉर्फा शैवल मदतीला. व्होडका किंवा व्हिनेगरचे थेंब खाद्य म्हणून देऊन नायट्रेट वापरणारे जिवाणू वाढवण्याची पद्धत नव्या टाकीत टाळावी : जिवाणू एकदम वाढले की ऑक्सिजन घटतो, त्यातच वीज गेली तर मासे दगावतात.

जिवंत खडक (जिवाणू व इतर जीव वसलेला समुद्रातला सच्छिद्र प्रवाळखडक) हा जुना उपाय. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये त्यावर आधारलेली ‘नैसर्गिक’ पद्धत मांडली. भारतात मात्र कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे किनाऱ्यावरून प्रवाळखडक उचलून आणता येत नाही. सच्छिद्र सिरॅमिक तुकडे वापरावे लागतात आणि ते मुरायला काही महिने जातात.