हाड खाली ओढा, म्हणजे हात वर जाईल

शाळेच्या पुस्तकात खांदा आणि खुबा एकाच ओळीत उरकतात: दोन्ही ‘उखळीचे सांधे’. खुब्याचं ठीक आहे, तिथे खरंच खोल उखळ आहे. खांद्यात उखळ शोधायला गेलात तर हाती बशी लागते. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा मोठा आणि खवाट्यावरची (पाठीवरच्या त्या त्रिकोणी, चपट्या हाडावरची) त्याची जागा इतकी उथळ, की एका वेळी गोळ्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा तिला टेकतो. भोवतीची कूर्चेची कड बशी थोडी खोल करते, एवढंच. त्यामुळे खांदा चहूकडे फिरतो, आणि मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त निखळतोही तोच.

आता हात बाजूने वर उचला. हे काम कोणाचं? बहुतेकजण खांद्यावरच्या गोलसर, फुगीर स्नायूकडे, डेल्टॉइडकडे, बोट दाखवतील. आरशासमोर वजनं उचलणाऱ्यांचा सगळा जीव त्याच्यातच. पण त्याची गोची बघा. तो वर खवाट्याच्या टोकापासून निघतो आणि दंडाच्या हाडाला बाहेरच्या बाजूने, साधारण मध्यावर चिकटतो. हात खाली लोंबत असताना त्याची ओढ जवळपास हाडाच्याच रेषेत असते. म्हणजे तो एकटा आखडला तर हात बाजूला जाण्याऐवजी अख्खं हाडच वर सरकेल आणि गोळा वरच्या हाडाच्या छपरावर आदळेल. मधली फट असते सुमारे एक सेंटिमीटर.

लांब शिडी भिंतीला उभी करताना काय करतो आठवा. एकजण शिडी उचलतो, दुसरा खालच्या टोकाला पाय लावून उभा राहतो. पाय लावणाऱ्याशिवाय शिडी उभी होत नाही, नुसती घसरते. खांद्यात हा पाय लावायचं काम रोटेटर कफचे, म्हणजे गोळ्याला वेढणारे चार, स्नायू करतात. सबस्कॅप्युलॅरिस पुढून, इन्फ्रास्पायनेटस आणि टेरिस मायनर मागून गोळ्याला धरतात आणि त्याला आत बशीकडे व किंचित खाली ओढतात. डेल्टॉइड वर, हे तिघे खाली. दोन विरुद्ध ओढींमधून सरकणं रद्द होतं आणि फिरणं तेवढं उरतं. चौथा, सुप्रास्पायनेटस, गोळ्यावरून जातो, त्याला बशीत दाबतो आणि हात उचलायलाही मदत करतो. ‘पहिले पंधरा अंश सुप्रास्पायनेटसचे, पुढचे डेल्टॉइडचे’ ही पाठांतरातली वाटणी मला कधीच पटली नाही; स्नायूंतली विद्युत हालचाल मोजली की दोघंही सुरुवातीपासून कामाला लागलेले दिसतात.

कफची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बरीच फाटली की पाय लावणाराच गेला. माणूस हात उचलायला जातो, खांदा कानाकडे चढतो, हात मात्र तिथेच. दुसऱ्या कोणी धरून उचलला तर बहुधा वर जातो. फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचं वेष्टनच जाड होऊन आकसतं, तिथे दुसऱ्यालाही तो पूर्ण उचलता येत नाही. दोन्हींवर एकच चुंबकाचा पट्टा विकणाऱ्यांना हा फरक ठाऊक नसावा. ‘चुंबक रक्तातलं लोह खेचतो’ म्हणे! ते लोह म्हणजे खिळ्यांचा चुरा नव्हे, हिमोग्लोबिनच्या रेणूत बसलेले सुटे सुटे अणू आहेत.

आणि हे सगळं झालं तरी हिशेब १२० अंशांपर्यंतच पोचतो. उरलेले साठेक अंश खुद्द खवाटा फिरून देतो. कोणाच्या तरी खवाट्याच्या खालच्या टोकावर अंगठा ठेवा आणि त्याला हात वर न्यायला सांगा. टोक अंगठ्याखालून निसटून काखेकडे जाईल. बशीच गोळ्यामागोमाग वर वळते आहे. खवाटा हाडांच्या बाजूने धडाला जोडलेला आहे तो फक्त गळ्याजवळच्या हाडाने. बाकी सारा स्नायूंच्या झोळीत.

खांदा दुखत नसेल तर शेवटचा एक प्रयोग. हात आत पिळून अंगठा जमिनीकडे करा आणि बाजूने वर न्या. खांद्याच्या पातळीच्या आसपास तो अडेल. आता तिथेच तळवा आकाशाकडे वळवा. गोळ्यावरचा बाहेरचा उंचवटा छपराखालून मागे सरकतो आणि हात कानापर्यंत जातो.