स्किड : तीव्र संयुक्त प्रतिकारक्षमता न्यूनता

रक्तातील टी लसिका पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जन्मतःच नसतात किंवा निकामी असतात, आणि त्यांच्या मदतीविना बी लसिका पेशींनाही प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना रोखणारी प्रथिने, बनवता येत नाहीत, अशा आनुवंशिक विकारांचा हा गट. अमेरिकेत नवजात बालकांच्या तपासणीत सुमारे ५८,००० जन्मांमागे एक रुग्ण आढळला.

जन्मताना बाळ धडधाकट दिसते, कारण आईकडून वारेतून आलेली प्रतिपिंडे काही महिने पुरतात. मग तोंडातली पांढरी बुरशी हटत नाही, जुलाब थांबत नाहीत, न्यूमोनिया उलटतो, वजन वाढत नाही. सुगावा बहुधा साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतच असतो. तान्ह्या बाळाच्या लसिका पेशी दर मायक्रोलिटरला साधारण ३,०००च्या खाली असल्या तर शंका घ्यावी. अहवालावर छापलेली मर्यादा मात्र पुष्कळदा मोठ्या माणसांची असते. तिच्याशी ताडून पाहिले की २,००० हा आकडा बिनघोर वाटतो आणि निदान हुकते.

भारतात जन्मतःच बीसीजी ही क्षयरोगाची लस आणि पोलिओचे थेंब देतात. दोन्ही जिवंत लसी. या बाळांत बीसीजीचे दुबळे जंतूही अंगभर पसरू शकतात. दंडावरची जखम चिघळणे, काखेत गाठ येणे ही कधी पहिली खूण ठरते. म्हणून आधीचे भावंड तान्हेपणीच जंतुसंसर्गाने दगावले असेल, तर तपासणी होईपर्यंत या लसी थांबवाव्यात. रक्त द्यावे लागलेच, तर ते किरणोत्सर्गाने प्रक्रिया केलेले हवे.

एक प्रमुख प्रकार एक्स गुणसूत्रावरील जनुकाच्या दोषाने होतो. आई वाहक असते, आजार मुलग्यांना होतो. त्यामुळे तिच्या माहेरी लहानपणीच गेलेल्या बाळाच्या मामांची चौकशी महत्त्वाची. एडीए या विकराच्या अभावाने होणाऱ्या प्रकारात सदोष जनुक आईवडील दोघांकडून येते. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांच्या लग्नात अशा प्रकारांची शक्यता वाढते.

१९७१ मध्ये जन्मलेला टेक्सासचा डेव्हिड व्हेटर बारा वर्षे निर्जंतुक प्लॅस्टिकच्या आवरणात जगला. शेवटी बहिणीच्या, पूर्ण न जुळणाऱ्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण केले; तिच्यातून सुप्त विषाणू गेला, त्यातून कर्करोग झाला आणि १९८४ मध्ये तो वारला. वास्तविक स्किडवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९६८ मध्येच मिनेसोटात रॉबर्ट गुड यांच्या चमूने यशस्वी केले होते. डेव्हिडला मात्र पूर्ण जुळणारा दाता नव्हता. पुढे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेली ९४ टक्के बाळे पाच वर्षांनंतरही हयात होती. एडीए प्रकारावर १९९० पासून जनुकोपचारही सुरू झाले.

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत निदान होते. दुर्मीळ आजारांच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणात स्किडचा समावेश आहे.