बॉरो चेकर (रस्ट)

रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, आणि तिचा कम्पायलर (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा) प्रोग्रॅम चालायच्या आधीच एक हिशोब तपासून घेतो: मेमरीतल्या अमुक गोष्टीचा मालक कोण, सध्या ती कोणी उसनी घेतलीय, आणि मालक गेल्यावरही कोणी ती वापरत तर नाही ना. हे काम करणाऱ्या भागाला बॉरो चेकर म्हणतात. रस्ट शिकायला घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाचे पहिल्या महिन्यातले प्रश्न इथूनच निघतात, आणि शिकणारे वैतागतात ते पण ह्याच्यावरच.

भाषेची सुरुवात ग्रेडन होर यांनी २००६ मध्ये स्वतःचा प्रकल्प म्हणून केली, २००९ पासून मोझिलाने पाठबळ दिलं, आणि १.० आवृत्ती आली १५ मे २०१५ ला. सुरुवातीच्या रस्टमध्ये गार्बेज कलेक्शनची (नको असलेली मेमरी प्रोग्रॅम चालू असताना आपोआप साफ करण्याची) सोय होती, ती १.० च्या आधीच काढून टाकली. आता मेमरी साफ करणारा वेगळा कोणी नाही आणि सी भाषेसारखं हाताने फ्री (मोकळं) करायचं पण नाही, मग कधी साफ करायचं हे कम्पायलरलाच आधी कळायला हवं, त्यासाठी मालकी स्पष्ट हवी. सगळे नियम ह्या एका गरजेतून आलेत, हे डोक्यात ठेवलं की खालचे प्रश्न बरेच सोपे होतात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा, की मी एक स्ट्रिंग (मजकूर) 'अ' ह्या व्हेरिएबलमध्ये ठेवली, मग 'ब' ला 'अ' दिलं, आणि आता 'अ' प्रिंट करायला गेलो तर एरर का येते (नंबर ई०३८२, हा लवकरच पाठ होतो), पण हेच आकड्यांच्या बाबतीत केलं तर चालतं? कारण असं की स्ट्रिंगचा मजकूर हीपवर (प्रोग्रॅम चालताना लागेल तशी घेतलेल्या मेमरीत) असतो आणि व्हेरिएबलमध्ये फक्त तीन गोष्टी असतात, पत्ता, लांबी आणि क्षमता, ६४ बिट मशीनवर मिळून २४ बाइट. 'ब' ला 'अ' दिलं की हे २४ बाइट तिकडे जातात, मजकूर जागेवरच राहतो. आता दोघंही मालक राहिले तर शेवटी दोघंही तीच मेमरी मोकळी करायला जाणार, आणि एकच मेमरी दोनदा फ्री करणं ही सीमधली जुनी आणि घातक चूक आहे. म्हणून रस्ट म्हणतं मालकी 'ब' कडे गेली, 'अ' हे नाव आता बाद. आकड्याचं हीपवर काही नसतंच, तो सरळ कॉपी होतो. पायथनमधून आलेल्यांना हे जास्त खटकतं कारण तिथे दोन्ही नावं एकाच वस्तूकडे बोट दाखवतात आणि कोणाला काही फरक पडत नाही, तर सी++ मध्ये त्याच ओळीत अख्खा मजकूर गुपचूप कॉपी होतो. रस्टमध्ये कॉपी हवी असेल तर क्लोन लिहून मागायची. शिकताना क्लोन वापरायला अजिबात संकोच करू नये असं माझं ठाम मत आहे, आधी प्रोग्रॅम चालू दे, मग बघू कुठला क्लोन काढता येतो ते.

दुसरा नियम उसनवारीचा. एखादी गोष्ट फक्त वाचायला कितीही जणांना एकाच वेळी देता येते, पण बदलायला दिली तर एकालाच, आणि तोवर बाकी कोणी तिला हात लावायचा नाही. ह्याच्यावर लोक म्हणतात की माझा प्रोग्रॅम तर एकाच थ्रेडचा आहे, म्हणजे एका वेळी एकच काम चालतं, मग हे कशाला? तर समजा एका व्हेक्टरमधल्या (वाढत जाणाऱ्या यादीतल्या) पहिल्या घटकाचा रेफरन्स (त्याच्या जागेकडे बोट दाखवणारी उसनवारी) तुम्ही धरून ठेवलाय आणि मधेच त्याच व्हेक्टरमध्ये नवा घटक पुश केला. जागा संपली असेल तर व्हेक्टर मोठी जागा घेतो, सगळा माल तिकडे हलवतो आणि जुनी जागा सोडून देतो, आणि तुमचा रेफरन्स त्या सोडलेल्या जागेकडेच बघत बसतो! सी++ मध्ये हा प्रोग्रॅम कम्पाइल होतो, बऱ्याचदा चालतो पण, आणि मग एक दिवस भलत्याच ठिकाणी कोसळतो. रस्ट तिथल्या तिथे ई०५०२ ही एरर देऊन थांबवतं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या त्यांच्या सुरक्षा त्रुटींपैकी साधारण ७० टक्के मेमरीच्या चुकांमुळे असतात, त्यामुळे ही कटकट वाटली तरी तिची किंमत आहे.

इथे एक सावधगिरी. पूर्वी उसनवारी महिरपी कंस बंद होईपर्यंत चालायची, डिसेंबर २०१८ च्या १.३१ आवृत्तीपासून नव्या एडिशनमध्ये (भाषेच्या नियमांच्या नव्या संचात) ती शेवटच्या वापरापर्यंतच धरली जाते. त्यामुळे जुन्या उदाहरणांमध्ये मुद्दाम जास्तीचे कंस दिसतात, ते आता बहुतेक ठिकाणी लागत नाहीत.

लाइफटाइमची (रेफरन्स किती काळ वैध आहे त्याची) खूण, म्हणजे तो एकेरी अवतरणचिन्हासारखा टिक आणि पुढे अक्षर, बघून लोक घाबरतात. तिच्याने कुठल्याही गोष्टीचं आयुष्य वाढत नाही. फंक्शनने दोन रेफरन्स घेऊन एक परत दिला तर परत आलेला नक्की कोणाच्या जिवावर उभा आहे, एवढंच ती कम्पायलरला सांगते. फंक्शनच्या आत बनवलेल्या स्ट्रिंगचा रेफरन्स बाहेर द्यायचा असेल तर कितीही खुणा लावा, जमणार नाही, स्ट्रिंगच परत द्या.

मराठीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना अजून एक प्रश्न हमखास पडतो. 'मराठी' ह्या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर १५ येतं. रस्टच्या स्ट्रिंग यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांतली चिन्हं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) असतात, म, र, काना, ठ आणि वेलांटी असे ५ कोड पॉइंट (यूनिकोडमधली चिन्हं) आणि प्रत्येकी ३ बाइट. कॅरेक्टर मोजले तर ५, आणि आपण वाचतो ती अक्षरं ३. म्हणून स्ट्रिंगला आकडा देऊन अक्षर काढताच येत नाही, आणि पहिला एकच बाइट कापायला गेलं तर चालू प्रोग्रॅम पॅनिक होऊन थांबतो. इंग्रजीवर टेस्ट करून निर्धास्त राहणाऱ्यांनी एकदा मराठी शब्द देऊन बघावा.

इंजिनिअरिंगला सीमध्ये लिंक्ड लिस्ट (एकमेकांचे पत्ते धरून ठेवणाऱ्या नोडची साखळी) शिकलेले लोक रस्टमध्येही पहिल्यांदा तीच लिहायला घेतात आणि हमखास अडकतात. दुहेरी लिस्टमध्ये प्रत्येक नोडकडे मागून आणि पुढून अशा दोन्ही बाजूंनी कोणीतरी बोट दाखवतं, मग मालक कोण? सातबाऱ्यावर चार भावांची नावं एकत्र लागतात तसं साध्या मालकीत चालत नाही, त्यासाठी आरसी हा मोजणी ठेवणारा प्रकार वापरावा लागतो, शेवटचं नाव गेलं की मेमरी मोकळी, आणि मागच्या दिशेला वीक (मोजणीत न धरला जाणारा दुवा) लावायचं नाहीतर दोन नोड एकमेकांना कायमचे धरून बसतात. ह्यापेक्षा सगळे नोड एका व्हेक्टरमध्ये ठेवून पत्त्याऐवजी क्रमांक वापरणं खूपदा सोपं पडतं. सुरुवातीला लिंक्ड लिस्ट नकोच, फाइल वाचून शब्द मोजणारा छोटा प्रोग्रॅम करा.

आणि रस्टमध्ये अनसेफ नावाचा ब्लॉक असतो, त्याबद्दल 'अनसेफ लिहिलं की बॉरो चेकर बंद होतो' हा समज चुकीचा आहे. तो त्या ब्लॉकमध्येही रेफरन्स तपासतच राहतो, फक्त कच्चे पॉइंटर (कम्पायलर ज्यांची खात्री देत नाही असे पत्ते) वाचण्यासारख्या मोजक्या जास्तीच्या गोष्टी करायची मुभा मिळते. त्या बरोबर आहेत ना ह्याची जबाबदारी मात्र लिहिणाऱ्यावर येते.